मृत्युपत्र आणि भावंडे
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवातील व्याख्यानमालेत झालेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी मृत्युपत्रासारखा विषय निवडला म्हणून कोणी आम्हांस दोष देईल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु पवित्र शास्त्रात ज्युबिलीचे वर्ष सांगितले आहे ते कशासाठी? ज्याची वतनभूमी हातची गेली त्याला ती परत मिळावी, यासाठीच. तेव्हा वडिलार्जित मिळकत, तिचे वारस आणि तिची न्याय्य वाटणी हा विषय ज्युबिलीच्या गाभ्यातलाच आहे. शिवाय हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आमच्या घरच्या पेटीतून निघाला आहे.

आमच्या आजोबांच्या पश्चात घरातील जुनी सागवानी पेटी उघडली, तेव्हा लग्नाच्या कागदांखाली एक घडी केलेला कागद सापडला. आमच्या खापरपणजोबांचे ते मृत्युपत्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील, कोणा कारकुनाच्या हातचे, इंग्रजीत लिहिलेले. खापरपणजोबांना अक्षर येत नव्हते, म्हणून सहीच्या जागी त्यांनी क्रूसाची खूण केली होती आणि खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या होत्या. मजकूर थोडका होता. गिरगावातील वाडीतले राहते घर पत्नीने हयातीत वापरावे. तिच्यामागे दोन पुत्र व एक कन्या यांनी सर्व मिळकत समसमान वाटून घ्यावी. थोरल्या पुत्राने एक्झिक्युटर या नात्याने याची अंमलबजावणी करावी.

तो थोरला पुत्र म्हणजे आमचे पणजोबा. त्यांनी हा कागद कोर्टात कधीच नेला नाही. घर दोघा भावांच्या नावे झाले आणि बहिणीला काही मिळाले नाही. हे का व कसे घडले, आणि त्या काळी काय घडावयास हवे होते, ते आज आपणांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्या काळच्या कोर्टांची हकीकत ऐकावी. मुंबई बेटात मृत्युपत्र शाबीत करण्याची पद्धत फार जुनी आहे. 1726 च्या राजसनदेने येथे मेयरचे कोर्ट आले आणि मृत्युपत्रास प्रोबेट देण्याचा अधिकार त्याला मिळाला. 1798 साली त्याच्या जागी रेकॉर्डरचे कोर्ट आले. 1824 साली सुप्रीम कोर्ट बसले. आणि 14 ऑगस्ट 1862 रोजी आजच्या हायकोर्टाचा आरंभ झाला. हायकोर्ट पहिली काही वर्षे कोटात, अपोलो स्ट्रीटवरील जुन्या इमारतीत भरत असे. ओव्हल मैदानासमोरील सध्याच्या दगडी इमारतीत ते 1879 च्या जानेवारीत आले. म्हणजे आमच्या खापरपणजोबांच्या वेळी गिरगावातून सोनापुरावरून पायी निघालेला मनुष्य अर्ध्या-पाऊण तासात न्यायाच्या दाराशी पोहोचत असे. दार दूर नव्हते, इतके लक्षात ठेवावे.

मात्र हा न्याय बेटापुरता होता. परळ, दादर, माहीम येथवर एक व्यवस्था. माहीमची खाडी ओलांडून साष्टीत पाऊल टाकले की दुसरी. तिकडे 1827 ची रेग्युलेशने चालत. त्यांतील आठव्या रेग्युलेशनप्रमाणे जिल्ह्याच्या कोर्टाकडून वारसाचा दाखला घेता येई. एकाच कुटुंबाची एक वाडी गिरगावात व एक शेत वांद्र्यापलीकडे असले, तर एका बापाच्या मिळकतीला दोन वाटांनी जावे लागे. आपल्या समाजात अशी कुटुंबे काही थोडी नव्हती.

आता कायदा कोणता लागे ते पाहू. सुप्रीम कोर्टात हिंदूंच्या वारशाला हिंदूंचा व मुसलमानांच्या वारशाला मुसलमानांचा कायदा लावावा, असे ठरलेले होते. ख्रिस्ती, पारशी व यहुदी यांच्याविषयी तशी तरतूद नव्हती, म्हणून त्यांच्या माथी इंग्रजी कायदा येई. त्या कायद्यात मृत्युपत्र नसल्यास जमीनजुमला एकट्या थोरल्या पुत्राकडे जात असे. पारशी समाजाला हे असह्य झाले. त्यांनी खटपट करून 1837 चा नववा कायदा मिळविला आणि वारशापुरती आपली स्थावर मिळकत जंगमासारखी मानून घेतली, जेणेकरून एकटा थोरला सर्व घेऊन जाऊ नये. जागृत समाज आपल्या लेकरांसाठी काय करू शकतो, याचे हे आपल्याच शहरातील उदाहरण आहे.

दुसरेही एक उदाहरण याच शहरातील आहे, पण ते दुःखद आहे. 1847 साली खोजा समाजातील कन्यांनी पित्याच्या मिळकतीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे दावा चालला. समाजात मुलींना वाटा न देण्याची रूढी आहे असे शाबीत झाले, कोर्टाने रूढीच उचलून धरली आणि कन्या रिक्त हस्ते परतल्या. रूढी हा शब्द आपण फार प्रेमाने उच्चारतो; पण तो उच्चारताना कोणाच्या ताटातला घास जातो, तेही पाहिले पाहिजे.

ख्रिस्ती माणसांविषयीचा मोठा प्रश्न मात्र मुंबईबाहेर, बळ्ळारीला उपस्थित झाला. मॅथ्यू अब्राहम नावाचे एक एतद्देशीय ख्रिस्ती गृहस्थ तेथे व्यापारात व दारूच्या मक्त्यात संपन्न झाले. त्यांची पत्नी शार्लट ही ईस्ट इंडियन म्हणविणाऱ्या, युरोपीय रक्ताच्या मिश्र समाजातील होती. मॅथ्यू 1842 साली मृत्युपत्र न करता वारले. धंद्यात साहाय्य करणारा त्यांचा भाऊ फ्रान्सिस म्हणू लागला की, आमचे पूर्वज हिंदू, आम्ही अविभक्त भाऊ, सबब हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे मिळकत माझीही आहे. विधवेने दावा लावला. तो बळ्ळारीहून मद्रासेस आणि मद्रासेहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1863 साली निकाल झाला. ख्रिस्ती झालेल्या मनुष्यावर हिंदू कायद्याचे बंधन उरत नाही; मात्र जुना कायदा टाकावा की पाळावा, हे त्याच्या वर्तनावरून ठरावे, असे कौन्सिलने सांगितले आणि अविभक्त भाऊ म्हणून फ्रान्सिसने केलेली मागणी मान्य केली नाही. पती वारल्यापासून निकाल होईपर्यंत एकवीस वर्षे लोटली. मॅथ्यू अब्राहम यांनी दोन साक्षीदारांसमोर एक पानभर मजकूर लिहून ठेवला असता, तर हे बरेचसे टळले असते.

यानंतर दोनच वर्षांत सरकारने हिंदुस्थानचा वारसाहक्काचा कायदा, म्हणजे 1865 चा दहावा कायदा, मंजूर केला आणि तो 1 जानेवारी 1866 पासून अमलात आला. हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना तो लागू नव्हता. पारशांनी आपल्या वाटणीसाठी त्याच वर्षी वेगळा कायदा करून घेतला. म्हणजे तो मुख्यत्वे आपल्यासाठीच होता. यापुढे ख्रिस्ती मनुष्याच्या वारशाला त्याची पूर्वीची जात विचारण्याचे कारण उरले नाही.

या कायद्यात तीन गोष्टी अशा होत्या की, आपल्या आजी-पणजींना त्या कोणी समजावून सांगितल्या असत्या तर किती बरे झाले असते! पहिली अशी की, मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश व संततीला दोन तृतीयांश मिळावे. दुसरी अशी की, संततीत पुत्र व कन्या यांचा वाटा समान. समजा, एका गृहस्थाच्या मागे 9000 रुपयांची मिळकत, पत्नी, दोन पुत्र व एक कन्या आहे. पत्नीला 3000 आणि प्रत्येक मुलाला 2000. कन्येलाही 2000, एक पैसा कमी नाही. तिसरी अशी की, लग्नामुळे पतीला पत्नीच्या मिळकतीवर कोणताही हक्क मिळत नाही. 1866 च्या आरंभानंतर लग्न झालेली गिरगावची ख्रिस्ती स्त्री आपल्या दागिन्यांची व वाड्यांची स्वतः मालकीण होती. खुद्द इंग्लंडातील विवाहित स्त्रीला असा पूर्ण हक्क 1882 च्या कायद्याने मिळाला.

आता मृत्युपत्र शाबीत करण्याची रीत सांगतो. मृत्युपत्र करणाऱ्याने सही किंवा खूण करावी. निदान दोन साक्षीदारांनी ती होताना पाहावी, अथवा ती आपली आहे असे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि त्याच्यासमक्ष आपल्या सह्या कराव्या. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला त्याच कागदात काही देणगी असेल, तर कागद टिकतो पण ती देणगी बुडते. मृत्युपत्र केल्यावर मनुष्याने लग्न केले, तर ते मृत्युपत्र रद्द होते. मरणानंतर सात दिवस पूर्ण झाल्याखेरीज प्रोबेट मिळत नसे. मृत्युपत्र नसून व्यवस्थापत्र हवे असेल तर चौदा दिवस थांबावे लागे. एक्झिक्युटर अर्ज करी, त्यास मूळ कागद जोडी, मिळकतीचा अंदाज देई, आणि साक्षीदारांपैकी एकजण तरी मिळेल तर त्याची शपथपूर्वक जबानी घेतली जाई. कागद परभाषेत असला तर भाषांतर लागे. आपल्या लोकांची कित्येक जुनी कागदपत्रे पोर्तुगीज भाषेत असत. कोणाची हरकत असल्यास तो कॅव्हिएट दाखल करी, आणि मग साधा अर्ज रीतसर दावा होऊन बसे. प्रोबेट मिळाल्यावर एक्झिक्युटरने सहा महिन्यांत मिळकतीची यादी व वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा, असा नियम होता. ज्यांच्यामागे कोणीच पुढे येत नसे, अशांच्या मिळकतीची देखरेख अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे जाई.

नाते शाबीत करण्याची वेळ येई तेव्हा कोर्टात काय दाखवीत? आपल्या देवळातील नोंदवह्या! त्रेंतच्या धर्मपरिषदेने 1563 साली विवाहाची नोंद ठेवण्याची आज्ञा केली, तेव्हापासून पाद्री लोक वह्या राखीत आले आहेत. जन्म-मृत्यूच्या सरकारी दाखल्यांची सवय लोकांना लागण्यापूर्वी बाप्तिस्म्याची एक ओळ हाच पुत्राचा पुरावा, आणि दफनाची एक ओळ हाच मरणाचा पुरावा. त्यातही अडचणी होत्या. एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले असे. एका वाडीत एकाच नावाचे चार पुरुष असत. शिवाय पाद्रोआदो व प्रोपागांदा यांच्या दुहेरी अधिकाराचा वाद 1794 पासून मुंबईत धुमसत होता आणि त्याचा पुरता शेवट 1928 साली झाला. एका घराण्याचे बाप्तिस्मे एका बाजूच्या देवळात व विवाह दुसऱ्या बाजूच्या देवळात, असे होण्याजोगे ते दिवस होते. तेव्हा ज्या धर्मगुरूंनी दिव्याच्या उजेडात त्या वह्या भरल्या, त्यांनी कितीतरी विधवांची घरे राखली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. आपल्या ज्युबिलीत त्यांचे स्मरण व्हावे.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे वळतो.

खापरपणजोबा वारले तेव्हा कन्येचे लग्न होऊन ती परळास नांदत होती. भाऊ तिला म्हणाले, “बाय, बाईमाणसाला बापाच्या घरात वाटा नसतो. तुझे लग्न केले, सोने घातले, तोच तुझा वाटा.” आसपासच्या लोकांतही हीच समजूत असल्यामुळे तिला ते खरे वाटले. तिच्या अंगठ्याचा ठसा एका राजीनाम्यावर घेतला गेला. मृत्युपत्राची गोष्ट तिला कोणी सांगितली नाही. आमच्या आजोबांनी ही हकीकत आम्हांस सांगितली ती त्यांच्या अखेरच्या दुखण्यात. आणि सांगताना ते भिंतीकडे पाहत होते.

विचार करावा, बंधुभगिनींनो! कायदा तिच्या बाजूने होता. मृत्युपत्राप्रमाणे तिचा तिसरा हिस्सा होता. मृत्युपत्र नाही असे धरले तरी विधवेचा भाग वजा जाता भावांइतकाच हिस्सा होता. म्हणजे कागद असो वा नसो, ती रिक्त हस्ते जाणे कोणत्याही मार्गाने न्याय्य नव्हते. परंतु कायद्याची एक अट होती: प्रोबेट मिळाल्यावाचून कोणालाही मृत्युपत्राखालचा हक्क कोर्टात शाबीत करता येत नसे. आणि प्रोबेट आणणे ज्याच्या हाती सोपविले होते, त्याच्याच पेटीत तो कागद होता. एक्झिक्युटर पुढे येत नसेल तर त्याला कोर्टातून विचारणा करविता येई, कागद हजर करविता येई आणि मृत्युपत्रासह व्यवस्थापत्र मागता येई. पण जिला कागद आहे हेच ठाऊक नाही, ती काय मागणार?

आमचे पणजोबा दुष्ट होते काय? तसे म्हणवत नाही. ते रविवारची मिस्सा चुकवीत नसत आणि घरी रोज सायंकाळी जपमाळ होई. घर मोडू नये, गिरगावची जागा दुसऱ्या कुळात जाऊ नये, एवढाच त्यांचा विचार असावा. पण त्याचे फळ काय झाले? पुढे दोघा भावांतच त्या घरावरून वितुष्ट आले. ज्या दोघांनी बहिणीला मिळून वगळले, ते एकमेकांस वगळू लागले. आमच्या आजोबांच्या बालपणी चुलतघरचे लोक देवळात दुसऱ्या बाजूस बसत, आणि परळची आत्या तर लग्नाकार्यालाही येईनाशी झाली. घर राहिले, कुटुंब गेले.

दावा लावण्याची मुदत केव्हाच टळून गेली आहे. वकील आम्हांस म्हणाले की, आता या कागदाला कोर्टात किंमत नाही. परंतु आपण लहानपणी प्रश्नोत्तरीत सातवी आज्ञा शिकलो. घेतलेले परत केल्यावाचून पापक्षमा पुरी होत नाही, हेही शिकलो. आणि तेथे मुदतीचा कायदा शिकविला नव्हता. म्हणून आम्ही सर्व भावंडे एकत्र बसलो. परळच्या आत्याच्या वंशजांचा शोध केला. ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तो कागद त्यांच्या हाती दिला आणि मोठ्याने वाचून दाखविला. घराच्या विक्रीतून आमच्या शाखेकडे आलेल्या रकमेतील त्यांचा भाग आम्ही त्यांना दिला. घरातील एक वृद्ध बाई बराच वेळ त्या क्रूसाच्या खुणेवर बोट ठेवून होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे आमच्या आजीला बापाने टाकले नव्हते.” पैशाविषयी त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या दिवशी आम्हांस कळले की, आमच्या घराने त्यांचे पैसेच नव्हे, तर एका पित्याचे प्रेम शंभरांहून अधिक वर्षे पेटीत कोंडून ठेवले होते.

देवळाला दिलेल्या देणग्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. 1865 च्या कायद्यात असे कलम होते की, ज्याला पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचे नातलग आहेत, त्याने धर्मादायासाठी मृत्युपत्राने दिलेली देणगी तेव्हाच टिकावी, जेव्हा मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेले असेल आणि केल्यापासून सहा महिन्यांत सरकारी ठिकाणी जमा केलेले असेल. मरणशय्येवर पाद्र्याने कोणाला भुलवू नये, असा हेतू. 1925 च्या कायद्यात हेच कलम 118 म्हणून आले. केरळातील फादर जॉन वल्लामट्टम यांनी त्यास आव्हान दिले आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने, हे बंधन ख्रिस्ती लोकांवरच घालणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे ठरवून ते रद्द केले. निकाल योग्यच आहे. तरीही जुन्या कलमातील एक शहाणपण आपण स्वेच्छेने ठेवावे: देवाला द्यावयाचे ते धडधाकट असताना, लेकरांचा वाटा न बुडविता द्यावे.

कन्यांच्या हक्काचा झगडाही दूरवर चालला. त्रावणकोरात 1916 च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती कन्येला पुत्राच्या वाट्याचा चौथा भाग किंवा 5000 रुपये, यांत जे कमी असेल ते मिळे. श्रीमती मेरी रॉय यांनी दावा केला आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील कन्यांना समान वाटा असल्याचे सांगितले. जे त्यांना 1986 साली मिळाले, ते मुंबईच्या ख्रिस्ती कन्येला 1866 पासून होते. असूनही ते कितीजणींच्या हाती पडले, हा प्रश्न आपण प्रत्येकाने आपापल्या घरी विचारावा.

2002 च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांवरील प्रोबेटची सक्ती उठली. अडथळा गेला हे चांगले. पण तंटा झाला तर मृत्युपत्र आजही साक्षीपुराव्याने शाबीत करावेच लागते. म्हणून आमची आपणांस नम्र विनंती आहे. मृत्युपत्र शुद्ध बुद्धीने व वेळीच करा. साक्षीदार वयाने लहान व निर्लोभ निवडा. कागद कोठे आहे हे सर्व लेकरांना सांगा, एकालाच नव्हे. आणि बहिणीसमोर राजीनाम्याचा कागद ठेवण्याआधी तिचा हक्क काय आहे, ते तिला स्पष्ट सांगा. सर्व जाणून तिने सोडले तर तो त्याग. न जाणता सोडविले तर ती चोरी.

सलाफहादाच्या पाच कन्या मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि पित्याच्या वतनात वाटा मागू लागल्या, तेव्हा मोशेने देवाला विचारले, आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले. पुढे एका मनुष्याने आपल्या प्रभूला विनविले की, माझ्या भावाला वतन वाटून द्यावयास सांग. प्रभूने वाटणी करण्याचे नाकारले आणि लोभापासून सावध राहण्यास सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्या. हक्क मागणाऱ्याला देव न्याय देतो. पण भावाभावांतील लोभ कोणत्याही न्यायाधीशाला काढता येत नाही. तो ज्याचा त्यानेच काढावयाचा असतो.

या ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाने घरची जुनी पेटी एकदा उघडून पाहावी. एखादा कागद निघाला, तर तो ज्याचा आहे त्याच्या हाती द्यावा. गेल्या नाताळात परळची ती मंडळी आमच्या घरी जेवावयास आली होती, आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही सर्वजण एकाच बाकावर बसलो. एवढे सांगून आपली रजा घेतो.